घरोघरी विज्ञान : स्पीकर कोठे ठेवावेत?

घरात नवा स्टिरिओ संच येतो, तेव्हा त्याची जागा बहुधा अगोदरच ठरलेली असते. दिवाणखान्यातील कपाटात मधोमध टीव्ही, त्याच्या दोन्ही अंगांच्या खणांत बसविलेले दोन स्पीकर, एकावर फुलदाणी आणि दुसऱ्यावर धाकट्याला शाळेत मिळालेला करंडक, अशी मांडणी झाली की घरची मंडळी समाधान पावतात. पहिले चार दिवस कौतुकात जातात. मग तक्रारी सुरू होतात. आजोबा म्हणतात, "आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत." आई म्हणते, "डग्ग्याचा नुसता घुमारा होतो आहे, जरा बारीक कर पाहू." मुलगा म्हणतो, "बाबा, हा अ‍ॅम्प्लिफायरच बदलायला हवा." आजोबांची आणि आईची तक्रार अगदी रास्त असते. मुलाने सुचविलेला उपाय मात्र बहुतेक वेळा अनाठायी ठरतो. दोष यंत्रात नसून ज्या खोलीत ते ठेवले त्या खोलीत, आणि खोलीतल्या ज्या जागी ठेवले त्या जागेत असतो. तो दूर करण्यास पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती एक मोकळी दुपार आणि थोडी हलवाहलव करण्याची तयारी.

हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना तो थोडा अधिक जवळचा आहे. आपल्या मुलांच्या कानांवर शाळेत, बाजारात आणि खेळाच्या मैदानावर दुसऱ्या भाषा पडतात. मराठी पडते ती घरात, आणि घरातही पुष्कळशी गाण्यांतून. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दर आठवड्यास एका गीताने पुढे सरकत होते, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे रेडिओभोवती बसून त्याचा शब्द न् शब्द ऐकत. आज तीच गीते मोबाइलवरून क्षणात घरच्या स्पीकरवर आणता येतात. माळ्यावरच्या जुन्या तबकड्याही पुष्कळ घरांत पुन्हा खाली उतरल्या आहेत. साधने वाढली, पण शब्द पोहोचतो का? "आजी, या शब्दाचा अर्थ काय?" असे नातवाने विचारावे, यासाठी तो शब्द आधी त्याला स्पष्ट ऐकू यावा लागतो.

शब्द का हरवतो, ते प्रथम पाहू. स्पीकरमधून निघालेला ध्वनी आपल्या कानांवर एकदाच येत नाही. एक भाग सरळ येतो. उरलेला भिंती, छत आणि फरशी यांवर आपटून, उशिराने आणि अनेक वाटांनी येतो. खोली रिकामी व गुळगुळीत असेल, तर हे येणेजाणे बराच वेळ चालू राहते. आधीचे अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे येऊन त्यावर चढते. स्वरांचा नाद लांब असल्यामुळे तो या गर्दीत टिकून राहतो. क, त, प, स यांसारखी व्यंजने क्षणमात्र आणि क्षीण असल्यामुळे पुसली जातात. म्हणून चाल ऐकू येते आणि शब्द जातो. वयपरत्वे कानांची बारीक, उंच ध्वनी टिपण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे अशा खोलीचा त्रास वडीलधाऱ्या माणसांना सर्वांआधी जाणवतो. आपण आवाज आणखी वाढवितो, तेव्हा सरळ ध्वनीबरोबर परतलेला ध्वनीही तेवढाच वाढतो, आणि आजोबा मुकाट्याने उठून आतल्या खोलीत जातात.

विजापूरच्या गोलघुमटात जाऊन आलेल्या वाचकांना याचा टोकाचा अनुभव असेल. तेथील सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजावे, तर समोरच्या बाजूला ते ऐकू येते; टाळी वाजवावी, तर ती पुनःपुन्हा परतते. पाहुण्याला त्याचे नवल वाटते. पण त्या घुमटाखाली कोणी कीर्तनाला उभे राहिले, तर श्रोत्यांच्या हाती केवळ निनाद लागेल. आपला फरशीचा, चुन्या-सिमेंटच्या भिंतींचा बंद दिवाणखाना हा त्या गोलघुमटाचाच लहान भाऊ होय.

या प्रश्नाचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली विद्यापीठाच्या फॉग कला-संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना, म्हणून ते काम त्यांच्याकडे आले. तेथे एकदा उमटलेला ध्वनी विरण्यास सुमारे साडेपाच सेकंद लागत होते. सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवून तिचा नाद विरेपर्यंतचा वेळ मोजावा, आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवाव्यात, असा क्रम चालविला. गाद्या वाढतील तसा हा निनादाचा काळ कमी होतो, असे त्यांना आढळले. त्यातून जो नियम निघाला तो आजही वापरात आहे : खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब; आणि ध्वनी शोषून घेणारी पृष्ठे जितकी अधिक तितका तो आखूड. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली, कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

हाच नियम आपल्या घराला लावून पाहू. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच असा दिवाणखाना घ्या. त्याचे घनफळ १९२० घनफूट. फूट हे माप धरल्यास घनफळाला ०.०४९ ने गुणून, खोलीतील एकूण शोषणाच्या चौरस फुटांनी भागावे म्हणजे निनादाचे सेकंद मिळतात. इंदूरकडे कोट्याची फरशी, बेळगाव-हैदराबादकडे शहाबादी. चार भिंती, छत आणि फरशी मिळून ९४४ चौरस फूट पृष्ठ भरते. परंतु असे कठीण पृष्ठ शंभरांत जेमतेम तीन भाग ध्वनी शोषते, म्हणजे सारी खोली मिळून २८ चौरस फुटांच्या उघड्या खिडकीएवढी. निनाद तीन सेकंदांहून अधिक! साध्या बोलण्यात आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. तेव्हा अशा खोलीत एका वेळी दहा-बारा अक्षरांची दाटी होणार, हे उघड आहे.

आता सामान मांडू. दोन खिडक्यांना जाड कापडाचे, भरपूर चुण्यांचे पडदे लावले तर शोषणात सुमारे २८ चौरस फुटांची भर पडते. कापसाची जाड गादी घातलेला दिवाण १९, मध्यभागी अंथरलेली जाड सतरंजी १४, पुस्तकांनी भरलेले फडताळ ९, आतल्या खोलीकडचे उघडे दार २१, आणि ऐकावयास बसलेली चार माणसे १८. हे आकडे मध्यम स्वरांपुरते आणि अंदाजाचे आहेत. तरी मूळच्या २८ मध्ये ते मिळविले की बेरीज १३७ होते, आणि निनाद तीन सेकंदांवरून सुमारे ०.७ सेकंदावर उतरतो. घरात गाणे ऐकण्यासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा निनाद उत्तम समजतात. एखादी गादी किंवा भिंतीवरचे जाड कापड आणखी वाढविले, की आपण तेथवर पोहोचलोच. यात बाजारातून आणण्यासारखी वस्तू क्वचितच एखादी आहे.

आपल्या वाडवडिलांनी हे गणित कधी मांडले नव्हते, पण बैठकीची मांडणी करताना ते पाळले होते. लाकडी तुळयांचे छत, एका अंगाला उघडा चौक, खाली जाजम, भिंतीशी लोड-तक्के, आणि दाटीवाटीने बसलेले श्रोते, यांमुळे वाड्यातील मैफिलीत गवयाचा आवाज भरीव आणि शब्द स्वच्छ लागत असे. वाडे गेले, फ्लॅट आले, समोरासमोरच्या सपाट भिंती आल्या. नवी फरशी रोज पुसावयास सोपी म्हणून जाजम गुंडाळून ठेवण्यात आले. तो बदल सोयीचा होता, याबद्दल वाद नाही. पण त्याची किंमत कानांनी मोजली. आठवड्यातून एकदा गाणे लावण्यापूर्वी तेच जाजम पसरावयास काय हरकत आहे?

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीवर चिकटविण्याची टूम अधूनमधून निघते. त्यांनी वरचे बारीक स्वर थोडेफार शोषले जातात, खर्जाला धक्काही लागत नाही. शिवाय पुठ्ठा पेट घेणारा. त्यापेक्षा जुनी जाड गोधडी शतपटीने बरी, आणि ती दिसतेही सुंदर.

खर्जाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जागेचा आहे. उंच स्वरांच्या लहरी काही इंचांच्या असतात, म्हणून त्यांना कापड अडवू शकते. खर्जाच्या लहरी पंधरा-वीस फूट लांब असतात. त्यांना सतरंजी किंवा पडदा म्हणजे काहीच नव्हे. या लहरी समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये कोंडल्या की काही विशिष्ट स्वर खोलीच्या मापाशी जुळतात आणि अवाजवी फुगतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. सोळा फुटांच्या खोलीची जाऊन-येऊन लांबी ३२ फूट. भागाकार केला की सेकंदाला ३५ कंपने हा तिचा पहिला स्वर आणि सुमारे ७० कंपने हा दुसरा. आता पाहा : काळी एक ही पुष्कळ पुरुष गायकांची पट्टी. तिचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ कंपनांचा. खोलीचा दुसरा स्वर आणि तंबोऱ्याचा खर्ज असे एकमेकांना भिडतात. डग्ग्याचा घुमारही याच टापूत येतो. म्हणून त्या खोलीत तंबोरा जागोजागी निराळा वाजतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असलेली खोली सर्वांत वाईट, कारण तिच्या तिन्ही जोड्या एकाच स्वराला फुगवितात.

याचा पडताळा पाहणे सोपे आहे. मोबाइलवरील तंबोरा काळी एकच्या पट्टीत लावून तो संचामधून वाजवा आणि खोलीत सावकाश फिरा. भिंतीला टेकल्यावर खर्ज दाटून येईल. भिंतीपासून चार फुटांवर, म्हणजे खोलीच्या लांबीच्या चतुर्थांशावर, तोच खर्ज जवळजवळ नाहीसा होईल. पुन्हा मध्यभागी तो वाढेल. तंबोरा तोच, यंत्रही तेच. फरक केवळ चार पावलांचा. बहुतेक घरांत दिवाण मागच्या भिंतीला टेकविलेला असतो, म्हणजे ऐकणारा सर्वांत घुमणाऱ्या जागीच बसतो. दिवाण पुढे ओढून कान मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक-तृतीयांश अंतरावर, आपल्या उदाहरणात सुमारे सव्वापाच फुटांवर, आणावेत. तेथे यांपैकी कोणताही स्वर फार फुगत नाही आणि फार दबतही नाही. दिवाण कायमचा हलविणे शक्य नसेल, तर ऐकण्यापुरत्या दोन खुर्च्या किंवा एक गादी पुढे घ्यावी.

स्पीकरलाही हाच न्याय लागू. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज भिंतीच्या आधाराने वाढतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन असे तीन पृष्ठभाग मिळाल्याने तो आणखी फुगतो. कपाटाच्या खणात तर कपाटच त्याच्या सुरात थरथरू लागते. काचा वाजतात, फुलदाणी नाचते. तेव्हा पहिले काम म्हणजे स्पीकर कपाटातून बाहेर काढणे. त्यांना भक्कम स्टुलावर, मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून निदान दोन फूट दूर ठेवावे. आवाज फारच पातळ वाटला, तर एकेक बोटभर मागे सरकवीत जावे. ही जुळवणी कानांनीच करावयाची असते, तंबोरा जुळविल्यासारखी.

दोन स्पीकर कशासाठी, हेही ध्यानात घ्यावे. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या एकस्वासाठी अर्ज केला, आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. दोन्ही कानांना थोडा निराळा ध्वनी मिळाला की गवई समोर मध्यभागी, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला असा बैठकीचा भास व्हावा, हा त्यामागील हेतू. त्यासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा लागतो. बारा फूट रुंद खोलीत स्पीकरमध्ये सात फूट अंतर ठेवले, तर ऐकणाऱ्याने सात ते साडेआठ फुटांवर बसावे. मध्यरेषेपासून एक फूट बाजूला सरकले, तरी एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा सुमारे पाऊण फूट जवळ येतो. त्याचा ध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने आधी पोहोचतो, आणि तेवढ्यानेही गवई त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. प्रथम आलेल्या ध्वनीकडे कान ओढला जातो, हा गुण जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रयोगांनी विशद केला.

पण घरात ऐकणारा एकटा नसतो. वडील मध्यावर आणि बाकीचे कडेला, अशी व्यवस्था कोणाला रुचेल? यावर एक तोड आहे. दोन्ही स्पीकर आतल्या बाजूला इतके वळवावेत, की त्यांच्या तोंडांच्या रेषा ऐकणाऱ्यांच्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदतील. मग डावीकडे बसलेल्याला डावा स्पीकर जवळ असला तरी त्याचे तोंड दुसरीकडे, आणि दूरच्या उजव्याचे तोंड मात्र त्याच्याकडे असते. जवळिकीची आणि रोखाची अशी फिटंफाट होऊन तीन-चार माणसांना पुरेसे समान ऐकू येते.

उंचीचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. संचाबरोबर येणारी माहितीपत्रके खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. उंच स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, समोरच अरुंद झोत टाकतो आणि व्यंजनांचा स्पष्टपणा त्यावरच अवलंबून असतो, म्हणून तो कानांच्या पातळीवर असावा. खुर्चीवर बसलेल्याचे कान जमिनीपासून सुमारे सव्वातीन फुटांवर असतात; गादीवर मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांवर. आपली बैठक भारतीय असेल, तर स्टूल बुटके करावे किंवा स्पीकर किंचित खाली झुकवावेत.

बाजूच्या भिंतींवरून येणारा पहिला परावर्तित ध्वनी सरळ ध्वनीच्या पाठोपाठ येऊन त्याचा रंग बदलतो. तो नेमका कोठून येतो, हे शोधण्याची एक गंमतीची रीत आहे. आपण ऐकण्याच्या जागी बसावे आणि मुलाला आरसा घेऊन भिंतीलगत चालावयास सांगावे. आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथे खुणेचा खडू करावा. दोन्ही भिंतींवरच्या त्या खुणांपाशी पुस्तकांचे फडताळ किंवा जाड गोधडी आली, की गायक भिंतीपासून सुटा होऊन समोर उभा राहतो. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून पाहावे. चिमणी फडफडल्यासारखा आवाज उठला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती अजून एकमेकींशी बोलत आहेत, असे समजावे.

एक लहानशी तपासणी सर्वांआधी करावी. प्रत्येक स्पीकरच्या दोन तारा असतात. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोन्ही पडदे विरुद्ध हलतात, खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज खोलीत कोठेतरी तरंगत राहतो. लाल तार दोन्हीकडे लालच खुणेला आहे ना, ते पाहावे. तबकडी वाजविणाऱ्यांनी ग्रामोफोन आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नयेत. स्पीकरची थरथर सुईत शिरते, सुईतून पुन्हा स्पीकरकडे जाते आणि घूं घूं असा आवाज चढत जातो. ग्रामोफोनला भिंतीतील भक्कम फळी द्यावी.

अब्दुल करीम खाँ १९३७ साली आणि बडोद्याचे फैयाझ खाँ १९५० साली निवर्तले. त्यांचे गाणे एकाच ध्वनिमार्गाचे आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही तशाच. स्टिरिओ संचावर त्या वाजविल्या की त्रिकोण नीट जमला आहे की नाही, याची परीक्षाच होते. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, एका बिंदूतून यावा. तो पसरट किंवा एका बाजूचा वाटला, तर मांडणीत अजून काही राहिले आहे. ज्यांच्याकडे एकच स्पीकर आहे, त्यांनीही खंत करू नये. या रेकॉर्डींना तो पुरेसा आहे. त्याला कोपऱ्यातून बाहेर काढून कानांच्या उंचीवर आणले म्हणजे झाले.

तेव्हा येत्या रविवारी दुपारी क्रम असा ठेवावा : आधी तारा पाहाव्यात, मग स्पीकर कपाटातून काढून स्टुलावर घ्यावेत, दिवाण भिंतीपासून सुटा करावा, तंबोरा लावून जागा ठरवावी, आरसा फिरवावा, आणि शेवटी जाजम व पडदे. प्रत्येक बदलानंतर तेच एक मराठी गीत लावावे, आणि ऐकून निर्णय घरातील सर्वांत वयस्क माणसाला द्यावयास सांगावा, कारण ज्याला शब्द सर्वांत आधी हरवतो त्यालाच तो परत मिळाल्याचे सर्वांत आधी कळते. गृहिणीचा शब्दही अंतिम मानावा. रोजच्या वावरात अडखळणारे स्टूल आठ दिवसांत पुन्हा कपाटात जाते. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या, तर गाण्याच्या वेळी स्पीकर पुढे आणि एरवी मागे, अशी दोघांची सोय होते.

मांडणी साधली की आवाजाची कळ आपोआप मागे फिरविली जाते. मोठ्या आवाजाने जे साधत नव्हते, ते हळू आवाजात साधते. शेजाऱ्यांची भिंत शांत राहते, आणि दुपारच्या वेळी झोपलेले तान्हे मूलही जागे होत नाही. आतल्या खोलीत गेलेले आजोबा परत येऊन बसतात. ते ओळ ऐकतात, नातवाकडे पाहतात, आणि त्यातल्या एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ सांगू लागतात. एवढ्यासाठी दिवाण चार फूट हलवावा लागला, तर तो अवश्य हलवावा.